एक किलो, देठासकट

माझ्या बायकोच्या मामांइतका प्रामाणिक माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका वैताग आणणारा माणूसही सापडायचा नाही. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा मामाजींबरोबर भाजी आणायला जावं. मी गेलो आहे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ती बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. सदऱ्याच्या खिशात शंभर ग्रॅमचं पितळी वजन कायम. बाजारात शिरले की भाजीकडे बघत नाहीत, काट्याकडे बघतात. त्यांना लांबून येताना पाहिलं की भाजीवाल्या बाया आपापली पारडी पुसायला घेतात. एकदा एका म्हातारीनं हात जोडून सांगितलं, "साहेब, तुमी रिटायर झाले ना? मंग भेंड्या घ्या अन् घरी जा ना बाप्पा!" मामाजींनी भेंड्या घेतल्या, घरी येऊन मोजल्या, पाव किलोला दोन भेंड्या जास्तीच्या भरल्या, आणि त्या दोन भेंड्या परत करायला ते पुन्हा बाजारात गेले, पायी. म्हातारीनं त्या त्यांच्या अंगावर फेकल्या नाहीत, हा तिचा मोठेपणा. मी बरोबर होतो. ऊन मी म्हणत होतं.

मी स्वतः विम्याच्या नुकसानीचा सर्व्हे करतो. जळालेलं दुकान, बुडालेलं गोदाम, ठोकलेली गाडी. जायचं, बघायचं, लिहायचं, सही करून निघायचं. समोरचा रडत असला तरी आपण पाणी मागायचं नाही, चहा घ्यायचा नाही. त्यामुळे मामाजींविषयी लिहायला घरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही, कारण बाकीचे सगळे एक तर त्यांच्यावर चिडतात नाही तर डोळे पुसतात. माझी आणि त्यांची पहिली भेट सोयरिकीच्या वेळची. सगळे मला शिक्षण, नोकरी, शेतीवाडी विचारत होते. मामाजी कोपऱ्यात बसून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते. शेवटी ते एकच शब्द बोलले. "अडुसष्ट." मी दचकलो. परवाच रेल्वे स्टेशनवरच्या मशीनवर माझं वजन अडुसष्ट किलो भरलं होतं. पुढे सासऱ्यांनी सांगितलं की मामाजींनी आकडा सांगितला म्हणजे मुलगा पसंत आहे. नापसंत माणसाचं ते वजन करत नाहीत.

अशा माणसाला मामींसारखी बायको मिळावी हा योग कुणी जुळवून आणला कोण जाणे. मामींच्या स्वयंपाकघरात चमचा हा फक्त ढवळायला असतो. मीठ मुठीनं, तिखट अंदाजानं, हिंग चिमटीनं. मामाजींनी एकदा सलग पंधरा दिवस मामींची चिमूट मोजली. मामी वरणात हिंग घालायला गेल्या की हे खाली कागद धरायचे आणि सोनाराच्या काट्यावर तो हिंग तोलून मग वरणात सोडायचे. सोळाव्या दिवशी निकाल जाहीर झाला. "तुह्या चिमटीले काही प्रमाणच नाही वं," मामाजी म्हणाले. "अन् तुमच्या जिभेले चव नाही," मामी म्हणाल्या, आणि त्या दिवशी वरणात हिंगच पडला नाही. जेवताना मामाजींना ते कळलं नाही, हे विशेष.

परसातही तसंच. मानेवाड्याकडच्या त्यांच्या घरामागे चांगली पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा आहे. मामी तिथे पोळ्याच्या सुमारास जाता जाता बी फोकायच्या, डाव्या हातानं, उजव्या हातात चहाचा कप असायचा म्हणून. आणि दिवाळीला तिथे पाय ठेवायला जागा नसायची. मेथी, पालक, मुळे, मिरच्या, सांबार (म्हणजे कोथिंबीर, हे नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो), आणि मधोमध भरताची वांगी. त्या वांग्यांना फार मान. मामी चातुर्मास पाळतात, आषाढी एकादशीपासून वांगं बंद. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी परसातली वांगी चुलीत भाजायची, कांद्याची पात आणि सांबार घालून भरीत करायचं, आणि पहिला घास घेऊन मामींनी व्रत सोडायचं. बाकी सगळं सासर त्या दिवशी भाकरी खायला तिथे. मी कुणाच्या घरी सहसा दुसऱ्यांदा मागून घेत नाही, तिथे घ्यायचो.

मग मामींची मुलगी पुण्याला बाळंत झाली. मामी दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. दोन महिन्यांचं वर्ष झालं, तेवढ्यात दुसरी नात झाली, मुलीची नोकरी, जावयाची नोकरी, मामी तिकडेच अडकल्या. मामाजी इकडे एकटे. परसात गवत माजलं. मामाजींना त्याचं काही वाटलं नाही, कारण गवत कुणी तोलून विकत नाही. पण गेल्या वैशाखात ते भर दुपारी रेशन दुकानाचा नवा इलेक्ट्रॉनिक काटा खरा की खोटा ते बघायला गेले आणि ऊन लागून घरी येऊन पडले. पडले ते पडलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं दार ठोठावलं तेव्हा कुठे कळलं. तीन दिवस सलाईन. मामी रडत आल्या, महिनाभर राहिल्या, रडत परत गेल्या. नाती लहान होत्या.

आषाढी एकादशीला सकाळी मामींचा फोन आला. मी आणि बायको तिथेच होतो, मामाजींनी फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"आता बस झालं," मामी म्हणाल्या. "घराले कुलूप लावा अन् इकडे या."

"अकराव्या माळ्यावर माणूस राहते काय? मी नाही येत. माझं माझ्यानं निभते."

"निभते? तुमच्यानं तुळशीले पाणी घालणं होत नाही! बरं, निभते म्हणता ना, तर दाखवा. आजपासून माझं वांगं बंद. तुळशीच्या लग्नाले मी नागपूरले येते. तुमच्या हातच्या वांग्यानं माझं व्रत सुटलं, तर मी मानीन की तुमच्यानं कशाची तरी निगा राखणं होते, अन् माझं सामान घेऊन घरी परत येईन, कायमची. नाही सुटलं तर चुपचाप माझ्यासंगं गाडीत बसा."

"मंजूर," मामाजी म्हणाले. फोन ठेवून त्यांनी नोकरीच्या काळातलं एक लांबट रजिस्टर काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अट. स्वतः लावलेल्या झाडांची भरताची वांगी, एक किलो, देठासकट. मुदत, तुळशीचं लग्न.' खाली सही, शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही. मी म्हटलं, "मामाजी, किलो काहून लिहून राहिले तुम्ही? मामीजी तर नुसतं वांगं म्हणाल्या."

"जवाईबापू," ते म्हणाले, "वजन लिहिलं नाही तर तो करार कायचा? त्या नुसत्या गप्पा झाल्या."

मी सही केली. मला काय, मी सह्याच करतो.

बी बाजारातलं नको होतं. मामी ज्यांच्याकडून बी आणायच्या त्या बाई खाप्याला राहतात, कन्हानच्या काठी त्यांची वाडी आहे. मामाजी बसनं खाप्याला गेले, बाईंनी मूठभर बी कागदात बांधून दिलं, मामाजींनी 'मूठभर म्हणजे किती' असं विचारल्यावर त्यांनी आणखी एक मूठ दिली आणि हात झटकले. नागपंचमीला जमीन खणायची नसते म्हणून दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. जुन्या कूलरची पत्र्याची टाकी होती, तिच्यात माती भरून वांग्याचं बी टाकलं. बाकीच्या परसात गवंड्याचा ओळंबा, दोरी आणि फूटपट्टी घेऊन आखणी. मेथी कुणीही फोकून पेरतो. मामाजींनी मेथीचा एकेक दाणा दोन बोटांच्या अंतरावर, चिमट्यानं ठेवला. चार दिवस लागले. पाणी घालायला झारी नाही. खात्यातून निवृत्त होताना भेट मिळालेलं एक लिटरचं शिक्का मारलेलं माप. "दर ओळीले चार लिटर," मला सांगायचे, "कमी नाही, जास्ती नाही." पाऊस पडत असला तरी चार लिटर. मी म्हटलं, "मामाजी, पाऊस चालू आहे." तर म्हणाले, "त्याचं मोजमाप नाही ना आपल्यापाशी."

टाकीतली वांग्याची रोपं आठ दिवसांत वर आली, पंधरा दिवसांत चार पानांवर आली, आणि मग माना टाकायला लागली. आज दोन, उद्या तीन. मामाजी मला औषधं विचारायचे, मी मोबाइलवर बघून सांगायचो. कडुनिंबाचा अर्क झाला, राख झाली. रोग काही समजेना. एका रविवारी मी न सांगता सकाळी गेलो तर ओसरीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पंचवीस-तीस रोपं ओळीनं आडवी निजवलेली, मुळांची माती धुऊन स्वच्छ केलेली, प्रत्येकाच्या बुडख्याला दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी, आणि मामाजी सोनाराचा काटा घेऊन बसलेले.

"हे काय करून राहिले मामाजी?"

"रविवारचं वजन."

"दर रविवारी उपटता?"

"न उपटता मुळाचं वजन कसं घेता येईन?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेडेपणाचं बोललो. "वजन झालं की पुन्हा जागच्या जागी लावतो ना. पण काय होऊन राहिलं काही समजत नाही. सतरा नंबर पाहा, मागच्या रविवारपेक्षा कमी भरला!"

मी हसलो नाही, याबद्दल माझं मलाच कौतुक वाटतं. पोळ्यापर्यंत टाकीत एकही रोप उरलं नाही. रजिस्टरात मात्र प्रत्येक रोपाचं पहिल्या दिवसापासून मरेपर्यंतचं वजन, दोन दशांश स्थळांपर्यंत, लिहिलेलं होतं. इतका चोख नुकसानीचा कागद मी माझ्या धंद्यात कधी पाहिलेला नाही. पोळ्याच्या दिवशी, सगळी गल्ली बैल बघायला गेली असताना, मामाजी त्या रिकाम्या टाकीशेजारी स्टुलावर बसून होते. "जवाईबापू," ते म्हणाले, "म्या माझ्याच हातानं मारले काय?" मी हो म्हणालो. त्यांनी टाकीतली माती बोटानं सारखी केली. मग म्हणाले, "मले पुण्याले नाही जायचं हो. तिथं खिडकीतून खाली पाहिलं की माणसं मुंग्यायेवढी दिसतात. अन् कोणी कोणाले आवाज देत नाही." मला त्या क्षणी त्यांची दया आली. म्हटलं, खाप्याच्या बाईंनी दोन मुठी दिल्या होत्या ना, एक मूठ शिल्लक असेल.

होती. पुन्हा बी पडलं, महिनाभर उशिरा. या खेपेला माझ्या बायकोनं काटा ताब्यात घ्यायचं ठरवलं, पण मामाजी हटून बसले. वजनाशिवाय वाढ समजणारच नाही म्हणे. शेवटी मी त्यांच्याच भाषेत तोडगा काढला. म्हटलं, तुम्ही दुकान तपासायला जायचे तेव्हा प्रत्येक पाकीट फोडून बघायचे का? "नाही. नमुना काढायचो." मग इथेही नमुना काढा. दर रविवारी एकच रोप. हा युक्तिवाद त्यांना पटला आणि वांग्यांचा वंश वाचला. नमुन्याचं रोप निवडताना ते डोळे मिटून बोट ठेवायचे, पक्षपात नको म्हणून, आणि ते उपटताना पुटपुटायचे, "माफ कर बा."

पितृपक्षात बावीस रोपं जमिनीत लागली, अडीच-अडीच फुटांवर. मेथी उगवली ती थेट कवायतीच्या मैदानासारखी. पण दसऱ्यानंतर जे ऊन तापतं त्यानं वांग्याची पहिली फुलं गळून पडायला लागली. मामाजींनी खिडकीतला कूलर काढला, चार विटांवर परसात ठेवला, वायर ओढली, आणि भर दुपारी वांग्यांना कूलरची हवा सुरू केली. शेजारचे लोक गच्चीवरून बघायला यायचे. मामाजी स्वतः कूलरच्या वाऱ्यात खुर्ची टाकून रजिस्टर घेऊन बसलेले. मला वाटतं, त्या महिन्यात त्यांची तब्येत सगळ्यात चांगली होती. दुपारी बाहेर फिरणं बंद, वेळेवर जेवण, डोक्याला पंचा. मामींच्या एका आज्ञेनं जे झालं नसतं ते बावीस झाडांनी करून घेतलं.

मामी रोज फोन करायच्या. "फुलं आली?" "सात आले. तीन गळाले." खोटं सांगायची सोय नव्हती, दुसऱ्या कुणी चार वाढवून सांगितली असती. आणि गंमत बघा, ज्यांच्याशी पैज त्याच बाई सल्ले द्यायच्या. "सकाळच्या पहरी फुलाची दांडी हळूच हलवत जा, म्हणजे फळ धरते." मामाजी सकाळी उठून एकेक फूल हलवायचे. मी एकदा विचारलं, "मामीजींना पैज जिंकायची नाही का?" तर म्हणाले, "तिले काय पाहिजे ते तिले तरी कुठं समजते?"

दिवाळी झाली. तीन झाडांना तीन वांगी लागली, बाकी सगळी फुलं आणि बोराएवढी फळं. ती तीन वांगी न तोडता मामाजींनी तोलली, खालून पारडं धरून, मान वाकडी करून. तिन्ही मिळून साडेतीनशे ग्रॅम. तुळशीचं लग्न दोन दिवसांवर. "वाढतील," मी म्हटलं. "दिवसाले वीस ग्रॅम वाढून राहिले," मामाजी म्हणाले. "हिशेब सांगू?" नको म्हणालो.

आता जे सांगतो ते माझ्या नोकरीच्या दृष्टीनं बरं नाही. खोटे दावे पकडण्यात माझं आयुष्य गेलं आहे. पण तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रात्री बायको सारखी नाक ओढत होती, आणि सकाळी म्हणाली, "तुम्ही काही करणार नाही का? तो माणूस तिथे अकराव्या मजल्यावर वाळून जाईल." मी उठलो, कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात गेलो, अर्धा तास शोधून खाप्याच्या जातीची, हिरवी, पांढऱ्या रेघांची, चार वांगी निवडली. मामाजी रिक्षा करून मामींना आणायला स्टेशनवर गेले होते. मी मागच्या फाटकानं परसात शिरलो आणि हिरव्या दोऱ्यानं ती चार वांगी चार झाडांना बांधली, पानांआड, देठाला देठ लावून. जमलं होतं. आगीत जळालेल्या मालाच्या याद्या बघून बघून बनावट चांगली कशी दिसते ते आपल्याला कळतंच.

रिक्षा थांबली. मामी हातपाय न धुता सरळ परसात आल्या. मेथीकडे बघून तोंडावर पदर घेतला. "हे मेथी हाय का पोलीस लाईन?" मग त्या वांग्यांपाशी गेल्या, एक पान उचललं, दुसरं उचललं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, जिंकलो. "अवं माय! सात-सात वांगे! लावले हो तुम्ही. खरंच लावले."

मामाजी जागच्या जागी उभे. त्यांना काय, प्रत्येक वांगं नावानिशी माहीत. त्यांनी चष्मा पुसला, खाली वाकले, पहिली गाठ सोडली, वांगं माझ्या हातात दिलं. दुसरी सोडली. तिसरी. चौथी. कुणी बांधलं हे विचारलंही नाही. नुसते म्हणाले, "गाठ चांगली मारता, जवाईबापू." आणि मामींकडे न बघता, "हे चार बाजारचे. आपले तीन."

आयुष्यात इतकं ओशाळं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या दोन्ही हातांत ती चार वांगी, आणि ठेवायला जागा सापडेना.

संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं, ऊस बांधला, बोरं-आवळे वाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी तीन वांगी तोडली आणि सगळ्यांसमोर काट्यावर ठेवली. चारशे दहा ग्रॅम, देठासकट. त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला, रजिस्टरात लिहिला, सही केली. "शर्त हरलो," ते म्हणाले.

"काहून हरले?" मामी म्हणाल्या. "मी किलो कधी म्हटलं होतं? मी वांगं म्हटलं. तुमच्या हातचं वांगं. हे काय हाय मग?"

मामाजींनी रजिस्टर उघडून दाखवलं.

"तुम्हीच लिहिलं ना? मग तुम्हीच खोडा!"

"लिहिलेलं खोडत नसतात."

"बाप्पा, काय माणूस हाय हा!" मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी परत यायले तयार हाय म्हणते ना! साक्षीदार इथंच उभे हायेत, विचारा त्याईले." मी लगेच म्हणालो, माझी हरकत नाही, खोडा. माझ्या बायकोनं पेनसुद्धा पुढे केलं. मामाजींनी रजिस्टर मिटलं. तेवढ्यात मामींचा फोन वाजला. पुण्याहून थोरली नात, व्हिडिओवर, अंघोळ करायची नाही म्हणून भोकाड पसरून. मामी फोन घेऊन चुलीपाशी गेल्या, पाणावलेले डोळे तसेच, आणि तिला हसवायला लागल्या. वांग्याला नाक-डोळे काढून दाखवले, वांग्याचा आवाज काढला, स्वतःच खदखदून हसल्या. मामाजी उंबऱ्यात उभे राहून ते बघत होते. फोन संपला, वांगी भाजली गेली, भरीत झालं. सासरची धरून सहा माणसांना चमचा-चमचा आलं. मामींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "चव हाय." मामाजी जेवून उठले, हात धुतले, आणि मला म्हणाले, "माळ्यावरची बॅग काढून द्या जरा."

आठवड्यानं ते दोघं गेले. किल्ली माझ्याकडे दिली. गाडी सुटेपर्यंत मामाजी मला मेथी कधी खुडायची ते सांगत होते.

त्यानंतर त्या घरी जायचं मी टाळलं. कामं होती, थंडीत कुणाकुणाची गोदामं जळतात. खरं तर जावंसं वाटत नव्हतं. बायको दोन दिवसांआड जाऊन पाण्याची नळी सोडून यायची. संक्रांतीच्या सुमारास ती म्हणाली, "एकदा येऊन बघा तरी." गेलो. मेथी फुलावर गेली होती, गवत वाढलं होतं, मामाजींच्या सरळ रेघा कुठे दिसत नव्हत्या. आणि वांग्याची ती झाडं, कुणी हलवलेली नाहीत, कुणी खालून पारडं धरलेलं नाही, ती वांग्यांच्या भारानं जमिनीला टेकली होती. हिरवी, टपोरी, पांढऱ्या रेघांची. एकेका झाडाला आठ-आठ, दहा-दहा. मी तिथेच उभं राहून फोन लावला.

"मामाजी, झाडं लगडली आहेत! अहो, ठेवायला जागा नाही. पैज म्हणजे काय, दोन महिन्यांचा तर फरक. मामीजींना फोन द्या, मी सांगतो."

पलीकडे मूल 'आबा, आबा' करत होतं, आणि मामींचं हसणं ऐकू येत होतं.

"तिले सांगितलं काय तुम्ही?" मामाजी हळू आवाजात म्हणाले.

"नाही अजून."

"नोका सांगू. ती लागलीच बॅग भरन. शब्दाची पक्की हाय ती." आणि मग, "इथं ती दिवसभर हसते हो. नागपूरले मी कधी तिले एवढं हसवलं नाही."

मी म्हटलं, आणि तुम्ही? तर म्हणाले, "मी बरा हाय. खाली बगीचा हाय. जातो सकाळचा." आणि लगेच, "तोडून घ्या वांगे. जून झाले की बी होते. गल्लीत वाटा सगळ्याइले. त्या भेंडीवाल्या बाईले पण द्या दोन."

आम्ही दोन पिशव्या भरून वांगी तोडली. गल्लीत वाटली, बाजारात म्हातारीला दिली. तिनं विचारलं, साहेब कुठं गेले, बरेच दिवसांत दिसले नाहीत. पुण्याला, मी म्हटलं. संध्याकाळी घरी भरीत केलं. चांगलं झालं होतं, बायको म्हणाली, अगदी मामींसारखं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मला मामाजी हवे होते तिथे, समोरच्या पाटावर. फोनवर त्यांना हे सांगायला हवं होतं. पण मी आपला "बरं, ठेवतो," म्हणालो होतो.